बालेवाडीची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फुटबॉलचा संघ हरला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात. संघ बंद पडला तर दोनच. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस अशीच एक बातमी आली होती. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी हा संघ यापुढे नसेल, त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ खेळेल. झालं. पाच हंगाम, पाच हंगामांतले पराभव, केशरी जर्सी, ढोल, घसा बसेपर्यंत दिलेल्या घोषणा, हे सगळं त्या दोन ओळींत मावलं. आपल्याकडे हा खेळ मुळातच थोड्या लोकांचा, त्यामुळे फारशी हळहळ कुणी व्यक्त केली नाही. पण ज्यांची गेली त्यांची गेली.

मराठीत 'वाट' हा शब्द मोठा गमतीचा आहे. चालायचीही वाट असते आणि पाहायचीही वाटच असते. बारामती-इंदापूरकडून बालेवाडीला फुटबॉल बघायला जाणारी जी थोडीफार माणसं होती, त्यांना दोन्ही वाटा चांगल्या ठाऊक झाल्या होत्या. मी त्यांच्यातलाच एक. आज त्या वाटेचा थोडा इतिहास सांगायचा आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला निदान शंभर वर्षं जुनं काहीतरी लागतं. हा जेमतेम बारा वर्षांचा आहे, २००७ ते २०१९. पण एवढ्या काळात एका शहरात चार व्यावसायिक फुटबॉल संघ आले आणि चारही गेले. माझ्या माहितीत असं दुसरं शहर नाही.

आमच्याकडे बारामतीत कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट. फुटबॉल आला तो टीव्हीतून. १९८६ साली मॅराडोनाला दूरदर्शनवर पाहिलं आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांच्या डोक्यात तो चेंडू जो शिरला तो बाहेर निघालाच नाही. पण टीव्हीवरचा अर्जेंटिना आपला नसतो. आपला संघ म्हणजे ज्याच्या मैदानावर एस.टी.ने जाता येतं तो. असा संघ आम्हाला मिळायला २००७ साल उजाडावं लागलं.

तसा महाराष्ट्राला फुटबॉल नवा नाही. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो गोऱ्या पलटणीनेच जिंकला. पुढे कंपन्यांचे संघ आले. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडूला नोकरी मिळायची, कंपनीला नाव मिळायचं आणि प्रेक्षकाला कूपरेजवर संध्याकाळ घालवायला जागा मिळायची. व्यवहार सरळ होता. त्यातला धोका एवढाच की संघ जगवायचा की नाही हे मैदानावर ठरत नसे, ते कचेरीत ठरत असे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी हा तर १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. तोही २०११ मध्ये गेला. हरले म्हणून बंद झाले असं म्हणावं तर हे जिंकणारे संघ होते.

पुण्याचा पहिला व्यावसायिक संघ पुणे फुटबॉल क्लब. अशोक पिरामल समूहाने तो २००७ मध्ये उभा केला. मैदान बालेवाडीचं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं शिवछत्रपती क्रीडा संकुल, शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून. संघ दुसऱ्या श्रेणीत दोन हंगाम झगडला आणि २००९ मध्ये आय-लीगच्या पहिल्या श्रेणीत आला. आल्या आल्या पहिल्याच वर्षी, चौदा संघांत, तिसरा. गोव्याचे डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स तेवढे पुढे. गोव्यात फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला, कोलकात्यात तर तो रक्तात. त्यांच्यामध्ये हे कालचं पोर तिसरं येऊन बसलं. डेरिक परेरा हे मूळचे खेळाडू, प्रशिक्षक म्हणून त्यांनी हा संघ बांधला. मोठी नावं घ्यायची नाहीत, मुलं घडवायची, असं त्यांचं धोरण होतं. मिझोरमचा जेजे लालपेखलुआ इथे खेळून गेला. केरळचा अनस एडाथोडिका इथे अनेक वर्षं बचाव सांभाळत होता, पुढे भारताकडून खेळला.

आणि अराता इझुमी. त्याच्याबद्दल दोन शब्द जास्तच बोलावेत असं मला वाटतं. आई जपानी, वडील भारतीय. वाढला जपानमध्ये. इथे येऊन महिंद्रकडे आणि मग पुण्याकडून खेळू लागला. भारताकडून खेळायचं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं. कागदपत्रांना लागायचा तेवढा वेळ लागला. २०१२ मध्ये तो भारताचा नागरिक झाला आणि २०१३ मध्ये त्याने भारताची जर्सी घातली. अरिगातो म्हणणारा हा मध्यरक्षक बालेवाडीच्या उन्हात पळताना पाहिला की मला वाटायचं, आपण नुसतं तिकीट काढून वाट पाहतो, या माणसाने पासपोर्ट देऊन वाट पाहिली.

२०१२-१३ मध्ये पुणे एफसी लीगमध्ये दुसरा आला. पुढच्या वर्षी आशियाई फुटबॉलच्या एएफसी चषकात खेळला. हाँगकाँग, सिंगापूर आणि म्यानमारचे संघ त्याच्या गटात होते. गटातूनच बाहेर पडला, पण हाँगकाँगच्या संघाशी आपल्या जिल्ह्यातला संघ खेळतोय हे वाक्य बारामतीच्या चहाच्या टपरीवर उच्चारण्याचं सुख काही वेगळंच होतं. ऐकणाऱ्याने "कोण? कशात?" असं विचारलं तरी.

या संघाला प्रेक्षक नव्हते, असं नंतर म्हटलं गेलं. नव्हते हे खरं. पण आय-लीगचे सामने बरेचदा दुपारी असत. एप्रिल-मे महिन्यातली दुपार आणि पुण्याच्या वेशीबाहेरचं मैदान. नोकरदाराला रजा काढावी लागे, विद्यार्थ्याला तास बुडवावा लागे. हे सगळं करून जे येत ते ओळखीचे होऊन जात. कोण कुठे बसतो, कुणाचा आवाज कुठून येतो, हे कळे. गर्दीत हे होत नाही.

२०१४ मध्ये सुपर लीग आली आणि सगळा रंगच बदलला. त्या झगमगाटापुढे आय-लीगचा दिवा मिणमिणता दिसू लागला. पुणे एफसीच्या मालकांनी २०१५ मध्ये हात आखडता घेतला आणि मुख्य संघ संपला. त्यांची मुलांची प्रबोधिनी तेवढी २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीने घेतली.

याच सुमारास पुण्यात आणखी दोन संघ येऊन गेले. त्यांची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती होतीही थोडकीच. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ ला आय-लीगमध्ये आला, शेवटचा आला आणि तेवढ्यावरच थांबला. एक हंगाम. त्याच्या चाहत्यांना वाट पाहायला सवडच मिळाली नाही. मग डीएसके शिवाजियन्स. या संघाला २०१५ मध्ये लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. पहिल्या हंगामात तो नऊ संघांत नववा आला. पण थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळे त्याला खाली ढकलायचं नाही असा करार होता. मग ढकललं कुणाला? आठव्या आलेल्या ऐजॉलला. मिझोरमच्या डोंगरातला हा छोटा संघ नियमापायी खाली गेला. पुढे गोव्याचे संघ लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं आणि त्याच ऐजॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दाखवली! आपला शिवाजियन्स मात्र तो हंगाम संपल्यावर लीगमधून बाहेर पडला. मालक समूहच आर्थिक अडचणीत सापडला होता.

आता एफसी पुणे सिटीकडे येऊ. वाधवान समूहाचा संघ, इटलीच्या फिओरेंटिनाची भागीदारी, सिनेमातली मंडळी सहमालक. आधी सलमान खानचं नाव होतं, मग हृतिक रोशनचं. पहिल्या वर्षी फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे आला. युरो २००० च्या अंतिम सामन्यात ज्याच्या गोलने फ्रान्सला विजेतेपद मिळालं तो, आणि २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ज्याची पेनल्टी आडव्या खांबाला लागून परत आली तोही तोच. एका माणसाच्या पायात केवढा हर्ष आणि केवढा विषाद असू शकतो. तो शेवटचा क्लब म्हणून पुण्यात खेळला आणि निवृत्त झाला. मैदानावर तो फार धावत नसे. पण तो उभा राहिलेला पाहायलाही लोक येत. मीही गेलो होतो.

निकाल सांगायचे तर २०१४ मध्ये आठ संघांत सहावा. २०१५ मध्ये इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक, रुमानियाचा मुतू प्रमुख खेळाडू. पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर मुंबईला हरवलं आणि आम्हाला वाटलं, या वर्षी. हंगामाच्या शेवटी सातवा. २०१६ मध्ये कोलकात्याला पहिली लीग जिंकून देणारे आंतोनियो हबास प्रशिक्षक. इझुमीही परत पुण्यात. पुन्हा सहावा. तीन वर्षांत तीन प्रशिक्षक, तीन खेळपद्धती आणि दर वर्षी बहुतेक सगळी नावं नवी. चाहत्याला नावं पाठ होईपर्यंत हंगाम संपे. त्या वेळी ही लीगच सव्वादोन-अडीच महिन्यांची होती. गावच्या यात्रेत तंबू ठोकावा, खेळ करावा आणि तंबू काढावा, तसं. यात धीर कुणी कुणाबद्दल धरायचा?

तरी लोकांनी धरला. 'ऑरेंज आर्मी' नावाचा चाहत्यांचा गट होता. बहुतेक पोरं विशी-पंचविशीची, आयटीतली, कॉलेजातली. ती नव्वद मिनिटं उभी राहत. संघ तीन गोलांनी मागे असला तरी ढोल थांबत नसे. आमच्यासारखे चाळिशीपुढचे लोक त्यांच्या बाजूला संकोचाने बसायचे. मग त्यांच्यातलं कुणीतरी, "काका, उठा की," म्हणायचं.

बारामतीहून स्वारगेटपर्यंत विनाथांबा गाडी. इंदापूरचा माझा मित्र सोलापूर रस्त्याने यायचा, भिगवण, पाटस करत. तो ऊस लावणारा गडी. स्वारगेटला भेटायचं आणि मग शहर ओलांडून बालेवाडी गाठायची. जाताना उत्साह असतो, अंतर कळत नाही. येताना कळतं. सामना रात्री संपे, शेवटच्या गाड्या गेलेल्या असत. स्वारगेटच्या बाकावर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत बसायचं. हरलेल्या सामन्यानंतर तिथे बसणं म्हणजे काय, ते शब्दांत सांगणं कठीण आहे. एकदा मी या मित्राला म्हटलं, "गड्या, हे काही खरं नाही. आपण येतो कशाला?" तो म्हणाला, "आडसाली लावल्यावर अठरा महिने बघतोच ना आपण? आणि एवढं करून भाव काय मिळतो ते तुला माहीत आहे." उसाच्या माणसाला वाट पाहण्याचं कौतुक सांगू नये.

२०१७-१८ हा हंगाम मात्र खरोखर वेगळा होता. लीग लांबली, दहा संघ झाले. रांको पोपोविच हे सर्बियन प्रशिक्षक, ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो पुढच्या फळीत, केरळचा आशिक कुरुनियन डाव्या बाजूने पळणारा. पुणे चौथा आला आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. समोर बंगळूर. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत पहिला सामना झाला, शून्य-शून्य. त्या रात्री स्वारगेटच्या बाकावर आम्ही हसत होतो. चार दिवसांनी बंगळुरात दुसरा सामना झाला. सुनील छेत्रीने दोन गोल केले. सामना संपत आला असताना जोनाटन लुकाने फ्री किकवर एक गोल परत केला आणि क्षणभर वाटलं, आता आणखी एक. पण तो एक पुन्हा छेत्रीनेच मारला. तीन-एक. त्याची हॅटट्रिक आणि आमचा हंगाम एकाच मिनिटात पूर्ण झाले.

हा संघाचा सर्वोच्च बिंदू होता, हे तेव्हा कळलं नाही. कळत नसतंच. पुढच्या हंगामात नवे प्रशिक्षक तीन सामन्यांत गेले. इंग्लंडचे फिल ब्राउन येईपर्यंत संघ तळाशी रुतला होता. त्यांनी तो थोडा वर काढला, शेवटी सातवा. मग उन्हाळा आणि पावसाळा गेला, आणि ऑगस्टमध्ये ती दोन ओळींची बातमी. मालकांची आर्थिक घडी विस्कटली होती. लीगमधली पुण्याची जागा हैदराबादला गेली. फिल ब्राउन तिकडे गेले, मार्सेलिन्यो गेला, आदिल खान गेला, निखिल पुजारी गेला. चाहते तेवढे गेले नाहीत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

उजनी धरणात इंदापूर तालुक्यातली गावं बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजूनही वर दिसतं आणि म्हातारी माणसं तिकडे बोट दाखवून, इथे आमची आळी होती, असं सांगतात. विस्थापिताचं दुःख आणि फुटबॉलच्या चाहत्याचं दुःख एका मापाने मोजण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एवढंच म्हणतो की बालेवाडीच्या रस्त्याने जाताना ते दिव्यांचे खांब दिसतात तेव्हा माझाही हात आपोआप त्या बाजूला वळतो.

याच २०१९ सालात मुंबईत काय झालं ते पाहा. मुंबई सिटी हाही पुण्यासारखाच धडपडणारा संघ. पहिल्या हंगामात सातवा, दुसऱ्यात सहावा. त्यांच्या चाहत्यांनीही पुष्कळ सोसलं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने या संघात मोठा हिस्सा घेतला आणि १३ मार्च २०२१ ला मुंबईने गोव्यात लीग जिंकली. बिपिन सिंगचा शेवटच्या मिनिटातला गोल. करोनामुळे मैदान रिकामं होतं, म्हणजे सात वर्षं वाट पाहिलेल्या मुंबईकरांनी तो टीव्हीवर पाहिला. पण पाहिला. तीन महिन्यांच्या अंतराने एका शहराला धनी मिळाला आणि एका शहराचा धनी गेला. यात मुंबईचे चाहते जास्त सोशीक होते आणि पुण्याचे कमी, असं कुणाला म्हणता येईल?

इथे मला आमच्या भागातली एक गोष्ट आठवते. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, हे सहकारी साखर कारखाने. त्यांच्या कारभाराबद्दल बोलायला बसलो तर रविवार पुरणार नाही. पण एक खरं, वार्षिक सभेत साधा सभासद उभा राहून अध्यक्षांना भावाबद्दल जाब विचारतो. त्याच्याजवळ भाग असतो, मत असतं. कारखाना कितीही तोट्यात गेला तरी एका सकाळी तो उचलून तेलंगणात नेऊन ठेवला, असं करता येत नाही. ऑरेंज आर्मीतल्या पोराकडे हंगामाचं तिकीट होतं, जर्सी होती, अंगावर गोंदवून घेतलेलं चिन्हही कुणाच्या असेल. मत नव्हतं.

जर्मनीत हे ओळखून नियमच केला आहे. क्लबच्या मतांतला निम्म्याहून अधिक हिस्सा सभासदांच्या हाती राहिला पाहिजे. अपवाद आहेत, आणि त्यांतले प्रमुख लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग, म्हणजे पुन्हा कंपन्यांचे जुने संघच. इंग्लंडात असा नियम नाही. तिथे लंडनच्या विम्बल्डन क्लबला २००२ मध्ये दूरच्या मिल्टन कीन्स शहरात हलायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. मोकळ्या माळावर जाहीर निवड चाचणी घेतली, ज्याला खेळायचं त्याने यावं. नवव्या पायरीवरून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत, २०११ मध्ये, पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये पोचले. २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत, प्लाउ लेनवर, नवं मैदान बांधून परतले. उसाच्या भाषेत सांगायचं तर तोडणी झाली, पण बुडखे जमिनीत होते, खोडवा फुटला. तिथे क्लब शंभराहून अधिक वर्षांचा होता, मुळं खोल होती. पुण्यात एकाही संघाला दहा वर्षं धड मिळाली नाहीत. खोडवा फुटायला आधी लागण नीट रुजावी लागते.

असं मुळं धरलेलं फुटबॉल आपल्या महाराष्ट्रात नाहीच असं नाही. कोल्हापुरात जा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर हे संघ भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. कधीकधी डोकीही फुटतात, ते काही कौतुकाचं नाही. पण तिथे संघ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. आजोबा ज्या संघाचे, नातू त्याच संघाचा. पाटाकडीलचा संघ विकत घेऊन हैदराबादला न्यायचा असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी मंगळवार पेठेची परवानगी मागावी लागेल, आणि ती मागायला जाणारा माणूस मला बघायचा आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. व्यावसायिक पैसा नसलेल्या गावाने खेळाडू दिला, आणि पैसा ओतलेल्या शहरात संघ टिकला नाही.

वाट पाहण्याचं याहून मोठं उदाहरण द्यायचं तर कोलकात्याचं द्यावं लागेल. मोहामेडन स्पोर्टिंग. आमच्यासारख्या मुसलमान घरांत हे नाव फुटबॉल न पाहणाऱ्या माणसांनाही ठाऊक असे. १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा हा पहिला भारतीय संघ, आणि मग सलग पाच वर्षं, १९३८ पर्यंत, तोच विजेता. १९४० मध्ये दिल्लीत गोऱ्या पलटणीला हरवून ड्युरँड कप जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच. त्याच वर्षी मुंबईत येऊन रोव्हर्सही नेला. वडीलधारी माणसं हे सांगताना असं सांगायची जणू कूपरेजच्या कडेला स्वतः उभी होती. हिशेब केला तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. मग उतरती कळा. कलकत्ता लीग १९८१ मध्ये जिंकली, आणि त्यानंतर थेट २०२१ मध्ये. चाळीस वर्षं. मधल्या काळात राष्ट्रीय लीगमधून घसरण झाली, पुन्हा चढणं झालं, २०१४ मध्ये पैशाअभावी मुख्य संघ बंद करण्याची घोषणाही झाली. पण क्लब सभासदांचा होता. कोलकात्याच्या मैदानातला तंबू जागेवर होता, काळा-पांढरा झेंडा जागेवर होता. घोषणा झाली तरी संपायला कुणी तयार नव्हतं. २०२३-२४ मध्ये त्यांनी आय-लीग जिंकली आणि सुपर लीगमध्ये आले. आणि तिथे पहिल्या हंगामात तेरा संघांत तेरावे आले.

मोरोपंतांनी आमच्या बारामतीत बसून एकशेआठ रामायणं रचली असं सांगतात. कथा तीच, शेवट ठाऊक, तरी पुन्हा नव्या छंदात. कविता करणारा म्हणून मला या चिकाटीचं नवल वाटतं. पण मोरोपंतांना प्रत्येक वेळी राम परत मिळत होता. मोहामेडनच्या म्हाताऱ्या चाहत्यालाही दर हंगामात मोहामेडन परत मिळत आला. आमच्याकडे रामायण सुरू व्हायचं आणि अरण्यकांडात पोथीच कुणीतरी उचलून न्यायचं.

काही जण म्हणतात, एवढं काय, दुसरा संघ धरा. पुण्याच्या पोरांपैकी काहींनी मुंबई धरली, काहींनी गोवा, बहुतेकांनी रात्री जागून इंग्लंडचे सामने. मला ते जमलं नाही. माझ्या इंदापूरच्या मित्रालाही नाही. तो म्हणतो, रान बदलता येतं, पण लगेच पीक येत नाही.

२० मार्च २०२२. गोव्यात फातोर्ड्याला सुपर लीगचा अंतिम सामना. एका बाजूला केरळ ब्लास्टर्स, दोनदा अंतिम सामना हरलेला, ज्याचे हजारो चाहते पिवळ्या जर्सीत आलेले. दुसऱ्या बाजूला हैदराबाद. केरळने आधी गोल केला, शेवटच्या मिनिटांत साहिल ताव्होराने बरोबरी केली. पेनल्ट्यांवर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन अडवल्या आणि हैदराबाद जिंकलं. केरळच्या माणसांनी तिसऱ्यांदा तोच घास गिळला आणि ती रडत घरी गेली, पण पुढच्या हंगामाला परत यायला त्यांना घर होतं. मी तो सामना बारामतीत घरी पाहिला. हैदराबादच्या ताफ्यात पुण्याहून गेलेला निखिल पुजारी होता. पुण्याची जी जागा होती, त्या जागेवर बसलेल्या संघाने तीन वर्षांत करंडक उचलला होता.

सामना संपल्यावर इंदापूरहून फोन आला. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग मित्र म्हणाला, "हा आपला धरायचा का?"

मी म्हटलं, "नको."

"मलाही तसंच वाटतंय," तो म्हणाला आणि सकाळी पाण्याची पाळी आहे म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे हैदराबादच्याही मालकांची घडी विस्कटली, संघ दुसऱ्या हातात गेला आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवला गेला. त्या बातमीलाही वर्तमानपत्रात दोनच ओळी होत्या.